तेवढ्याच उंचीच्या अक्षरांत

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत पाठवावे, असे विनंतीपत्र गेल्या महिन्यात माजी विद्यार्थी संघाकडून आले. विषयाचे बंधन नव्हते. आपल्या आठवणी, आपले शिक्षक, आपली वाटचाल, एवढेच सुचवले होते. ते पत्र वाचताना माझ्या डोळ्यांसमोर ना प्रार्थनेचे पटांगण आले, ना स्नेहसंमेलनाचा मांडव. आला तो जिन्याखालचा, पाण्याच्या टाकीशेजारचा काळा लाकडी फळा आणि त्याच्यासमोर हातात ओले फडके घेऊन उभे असलेले आपले सर.

शाळेत शिक्षक पुष्कळ होते. परंतु आडनाव न लावता नुसते ‘सर’ म्हटले की ते इतिहास आणि मराठी शिकवणारे सर, हे त्या काळच्या कोणत्याही विद्यार्थ्याला वेगळे सांगावे लागणार नाही. स्वतःचे नाव कोठे छापून यावे हे त्यांना मनापासून नापसंत होते, म्हणून मीही ते येथे लिहीत नाही. त्या फळ्यावरही दोन तपांत त्यांचे नाव एकदाच आले. ते का आले, हे लिहिण्यासाठीच आज लेखणी हातात घेतली आहे.

फळ्याच्या माथ्यावर पांढऱ्या तैलरंगात ‘आपल्या गावची माणसे’ अशी अक्षरे होती. दर सोमवारी त्यावर पुण्यातील एका व्यक्तीविषयी पंधरा ओळी लिहायच्या आणि ती व्यक्ती वृत्तपत्रातील, राजकारणातील किंवा क्रीडांगणावरील असावी, असा सरांचा दंडक होता. संत आणि राजे पाठ्यपुस्तकात भेटतात, कवी भेटतात; परंतु ज्यांचा अग्रलेख वडील सकाळी चहाबरोबर वाचतात, ज्यांना मत द्यायचे की नाही यावरून घरात वाद होतो आणि ज्यांच्या धावा मोजण्यासाठी शेजारी रेडिओभोवती गोळा होतात, त्या माणसांची नीट ओळख मुलांना कोणीच करून देत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मजकूर शुक्रवारी सरांकडे द्यायचा, त्यांनी तो तपासून कोपऱ्यात सही करायची आणि मग सोमवारी शाळा भरण्यापूर्वी तो फळ्यावर उतरायचा, असा क्रम होता.

सरांची तपासणी कठोर होती. ‘महान’, ‘थोर’, ‘झुंजार’ अशी विशेषणे ते प्रथम खोडत आणि समासात एकच प्रश्न लिहीत, ‘काय केले ते सांग.’ ‘केसरी’चे पहिले संपादक कोण, असे त्यांनी वर्गात विचारले तेव्हा जवळजवळ सर्वांनी लोकमान्यांचे नाव घेतले. ४ जानेवारी १८८१ रोजी निघालेल्या त्या पत्राचे पहिले संपादक गोपाळ गणेश आगरकर होते, हे त्या दिवशी आम्हाला कळले. त्याच तासाला सरांनी कोल्हापूर प्रकरण सांगितले. कोल्हापूर संस्थानचे दिवाण माधवराव बर्वे यांच्याविरुद्धचा मजकूर ज्या पत्रांच्या आधारावर छापला गेला, ती पत्रे बनावट निघाली आणि टिळक व आगरकर या दोघांनाही १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. कोल्हापूरच्या छत्रपतींविषयीच्या कळकळीने लिहिले होते, हेतू निर्मळ होता, तरीही कागद खोटा तो खोटाच, हे सांगताना सरांचा आवाज अगदी खाली येत असे. पुढे मतभेद होऊन आगरकरांनी ‘केसरी’ सोडला, १८८८ साली ‘सुधारक’ काढला आणि याच पुण्यात विरोधकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, हेही त्यांनी आमच्यापासून लपवले नाही. प्रेतयात्रा काढणारे तरी याच गावचे होते ना, तेही लिही, असे ते म्हणत.

‘केसरी’च्या आधी चार वर्षे, १ जानेवारी १८७७ रोजी, कृष्णराव भालेकर यांनी पुण्यातच ‘दीनबंधू’ सुरू केला होता, हे नाव तर मी सरांच्या तोंडून ऐकेपर्यंत कोठेही वाचले नव्हते. पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते पत्र मुंबईहून चालवले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी त्याचे संपादन मूळच्या पुण्याच्या तानुबाई बिर्जे यांनी केले. तानुबाईंचा शोध मला फार उशिरा, नोकरीत असताना लागला. तो लागला त्या रात्री पहिली आठवण सरांचीच आली.

८ जानेवारी १९७३ रोजी ‘सकाळ’चे संस्थापक डॉ. ना. भि. परुळेकर यांचे निधन झाले. तो सोमवार होता आणि फळा सकाळीच लिहून झाला होता. मंगळवारी सरांनी तो स्वतः पुसला आणि आम्हा आठवीच्या चौघांना समोर बसवून नवा मजकूर करून घेतला. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या या गृहस्थांनी १ जानेवारी १९३२ रोजी पुण्यात दैनिक सुरू केले आणि तालुक्यातालुक्यांत बातमीदार नेमून गावोगावच्या साध्या माणसांच्या अडचणींना पानावर जागा दिली, हे आमच्यापैकी एकाने लिहिले. सरांनी त्याला विचारले, ‘तुझ्या आजीला वाचता येते का?’ येत नाही, असे तो म्हणाला. ‘मग तिला हे वाचून दाखव. तिला कळले तर फळ्यावर लिही.’ दुसऱ्या दिवशी तो मजकूर बदलून आला आणि खरोखरच अधिक सोपा झाला होता.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की सर आम्हाला पायी हिंडवत. नारायण पेठेतील केसरीवाडा, शुक्रवार पेठेतील जेधे मॅन्शन, मंडई. पूर्वी रे मार्केट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मंडईला महात्मा फुले यांचे नाव मिळावे म्हणून नगरपालिकेत आचार्य अत्रे यांनी पुढाकार घेतला आणि स्वतः जोतीरावही १८७६पासून काही वर्षे याच पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद होते, हे त्यांनी मंडईच्या अष्टकोनी मनोऱ्याखाली, भाजीच्या पाट्यांच्या गर्दीत उभे राहून सांगितले, तेव्हा समोरच्या भाजीवाल्या मावशीही हातातला तराजू थांबवून ऐकत होत्या.

राजकारणातील माणसांविषयी लिहिताना त्यांचा एक नियम होता, जो मला पुढे कोणत्याही वृत्तपत्रात पाहायला मिळाला नाही. जिंकलेल्या माणसाइतक्याच ओळी हरलेल्याला द्यायच्या. १९५७च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत नानासाहेब गोरे पुण्यातून लोकसभेवर गेले, यावर एका मुलाने झकास लिहिले होते. सरांनी त्याला काकासाहेब गाडगीळांवर तेवढेच लिहून आणायला सांगितले. कारण पराभूत झालेले काकासाहेब हे नेहरूंच्या पहिल्या मंत्रिमंडळात मंत्री होते आणि पराभवानंतर ते पंजाबचे राज्यपालही झाले. एस. एम. जोशींवर लिहायचे तर ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात स्थापन झालेल्या संयुक्त महाराष्ट्र समितीचे ते सरचिटणीस होते, एवढ्यावर भागत नसे. त्यांच्याबरोबर केशवराव जेधे कोठे उभे होते आणि समितीतील पक्षांची आपसात कशावरून ओढाताण होत होती, हेही लिहावे लागे. आमच्या विद्यार्थिदशेत एस. एम. याच शहरात राहत होते आणि कोणालाही रस्त्यात दिसत होते. अशा हयात, दिसणाऱ्या माणसाविषयी लिहिताना मुलांच्या मनात जी धास्ती असते, तीच सरांना हवी होती, असे आता वाटते.

क्रीडांगण हा माझा प्रांत होता. चंदू बोर्डे पुण्याचे, ५५ कसोटी सामने खेळलेले. १९५९ साली दिल्लीत वेस्ट इंडीजविरुद्ध त्यांनी १०९ आणि ९६ धावा केल्या आणि दुसरे शतक चार धावांवर आले असता ते हिट विकेट झाले, हे मी लिहिले तेव्हा सर खूश झाले होते. भाऊसाहेब निंबाळकरांविषयी मात्र त्यांनी माझा कागद परत केला. डिसेंबर १९४८मध्ये पूना क्लबच्या मैदानावर महाराष्ट्राकडून काठेवाडविरुद्ध त्यांनी नाबाद ४४३ धावा केल्या, ब्रॅडमनच्या ४५२च्या विक्रमाला नऊ धावा उरल्या असताना प्रतिस्पर्धी संघाने सामना सोडून दिला, हे सर्व मी बरोबर लिहिले होते. परंतु आरंभी ‘पुण्याचे निंबाळकर’ असे म्हटले होते. निंबाळकर कोल्हापूरचे, पुणे त्यांच्या मैदानापुरते. दुसऱ्या गावचा माणूस आपल्या नावावर मांडणे ही चोरीच आहे, असे सर म्हणाले. त्यांनी ते रागाने म्हटले नव्हते, तरी माझे कान तापले.

आता तो प्रसंग. १९७३ साली विभागीय संघांच्या मर्यादित षटकांच्या नव्या स्पर्धेला प्रा. दि. ब. देवधर यांचे नाव देण्यात आले. मी नववीत होतो आणि पुण्याच्या माणसाचे नाव देशाच्या स्पर्धेला मिळाले या आनंदात शुक्रवारी मी पंधरा ओळी लिहून दिल्या. सोमवारी फळ्यावर मोठा मथळा काढला : ‘पुण्याचे कसोटीवीर प्रा. देवधर.’ मथळ्याची अक्षरे चार बोटे उंच होती. बुधवारी मधल्या सुट्टीत सर टाकीवर पाणी प्यायला आले, पेला तसाच हातात धरून त्यांनी मथळा वाचला आणि मला बोलावून घेतले.

‘देवधर कोणती कसोटी खेळले?’

मला सांगता आले नाही. इतका मोठा खेळाडू कसोटी खेळलाच असणार, असे मी धरून चाललो होतो. कोठे वाचले, असे त्यांनी विचारले. कोठेही वाचले नव्हते.

त्यांनी मला मारले नाही, वर्गात उभे केले नाही. खिशातून पेन काढून त्यांनी पुणे नगर वाचन मंदिराच्या नावे एक चिठ्ठी लिहिली आणि शनिवारी तेथे जाऊन जुने अंक पाहायला सांगितले. १८४८ साली स्थापन झालेल्या त्या ग्रंथालयात मी त्याआधी पाऊलही टाकले नव्हते. दोन शनिवार मी तेथे बसलो. पिवळ्या पडलेल्या कागदांच्या घड्या उलगडताना बोटांना त्यांचा भुगा लागत असे. १९२६ साली मुंबईत इंग्लंडहून आलेल्या गिलिगन यांच्या एमसीसी संघाविरुद्ध देवधरांनी १४८ धावा केल्या होत्या, आणि भारत पहिली कसोटी जून १९३२मध्ये लॉर्ड्सवर खेळला तेव्हा त्यांनी चाळिशी गाठली होती. त्यांच्या वाट्याला अधिकृत कसोटी आलीच नाही. मात्र १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने रणजी करंडक जिंकला आणि वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्यांनी पुण्यात मुंबईविरुद्ध २४६ धावा काढल्या. हे सगळे करणारा माणूस स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकवत होता. मी त्यांना न मिळालेला मान त्यांच्या पदरात टाकला होता आणि जे त्यांनी खरोखर केले, त्यातले निम्मे माझ्या पंधरा ओळींत आलेच नव्हते.

पुढच्या सोमवारी सकाळी सात वाजता सर आणि मी त्या फळ्यापाशी आलो. सरांनी जुना मजकूर पुसू दिला नव्हता. स्टुलाचा एक पाय आखूड होता, म्हणून ते खाली बसून तो हाताने धरून राहिले आणि मी वर चढून मथळ्याखालच्या रिकाम्या जागेत ‘दुरुस्ती’ हा शब्द लिहिला. मी तो बारीक लिहिला होता. सरांनी उठून माझ्या मथळ्याच्या अक्षरावर आपली चार बोटे आडवी ठेवली, मग तीच बोटे माझ्या नव्या शब्दावर ठेवली. माझा शब्द एका बोटाचा होता. त्यांनी ओले फडके माझ्या हातात दिले. मी पुसले आणि पुन्हा, चार बोटांच्या उंचीत, लिहिले : ‘दुरुस्ती. प्रा. देवधर अधिकृत कसोटी सामना खेळले नाहीत.’ खाली माझे नाव आणि तुकडी. प्रार्थनेची घंटा होईपर्यंत शाळेतील निम्मी मुले ते वाचून गेली होती.

१९७५ साली दहावीच्या पहिल्या तुकडीतून मी शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालो. त्याआधी, दहावीतच असताना, हेमंत कानिटकर यांनी बंगळुरूला वेस्ट इंडीजविरुद्ध पहिल्या कसोटीत केलेल्या ६५ धावा मी फळ्यावर लिहिल्या. तो माझा शेवटचा मजकूर. महाविद्यालयीन शिक्षणानंतर एका दैनिकात मुद्रितशोधक म्हणून लागलो आणि काही वर्षांनी क्रीडा पानावर उपसंपादक झालो. एकतीस वर्षे रात्रपाळीत काढली. जानेवारी १९९८मध्ये ढाक्याला पाकिस्तानविरुद्ध दोन चेंडूंत तीन धावा हव्या असताना हृषीकेश कानिटकरने चौकार मारला, तेव्हा सारे कार्यालय ओरडत उभे राहिले होते आणि मी मात्र चौकटीसाठी त्याच्या वडिलांचा ६५चा आकडा, पाठ असूनही, कपाटातून कात्रण काढून पडताळून पाहत होतो. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत धनराज पिल्लेच्या नेतृत्वाखाली भारताने ३२ वर्षांनी हॉकीचे सुवर्णपदक मिळवले. पानावर ‘पुण्याचा धनराज’ असा मथळा आला होता. आयुध निर्माणीच्या वसाहतीत, मोडक्या स्टिकला दोरी गुंडाळून तो जेथे खेळायला शिकला, त्या जागेचे नाव मथळ्यात यावे म्हणून मी रात्री एक वाजता वाद घातला आणि ‘खडकीचा धनराज’ असे करून घेतले. खडकीहून दुसऱ्या दिवशी आलेले दूरध्वनी मी अजून विसरलेलो नाही.

आज माझ्याकडे पुण्याच्या पत्रकार, पुढारी आणि खेळाडू यांच्याविषयीची सुमारे चौदाशे हस्तलिखित टिपणे आहेत. प्रत्येकावर सरांच्या तपासणीतून उचललेले तेच तीन मथळे आहेत : गाव, काम, विरोध. दोन विद्यापीठीय संशोधकांनी त्यांचा उपयोग केला, शहरातील एका संस्थेने त्यासाठी माझा सत्कारही केला. सत्काराच्या वेळी बोलताना माझ्याकडून सरांचा उल्लेख झाल्याशिवाय राहिला नाही.

गेल्या वर्षी शाळेत आलो होतो. नवी इमारत सुरेख आहे, संगणक कक्ष आहे, जिन्याखाली आता दुचाकी लावतात. फळा कोठे गेला ते कोणाला सांगता आले नाही. बाहेर चौकात पाच फ्लेक्स होते, पाचांवर पुढाऱ्यांचे चेहरे आणि प्रत्येकाखाली एक-एक विशेषण. काय केले, हे एकावरही नव्हते. ज्या व्यवसायात मी आयुष्य घालवले तेथेही चूक पहिल्या पानावर आणि दुरुस्ती आतल्या पानाच्या तळाशी, हे मी वर्षानुवर्षे पाहिले आणि मला ते बदलता आले नाही. याचे दुःख मला आहे.

त्याहून मोठे दुःख माझे स्वतःचे आहे. २००० साली शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत देवधरांच्या मथळ्याचा हाच प्रसंग मी ‘चार बोटांची दुरुस्ती’ या मथळ्याने लिहिला होता. अंक प्रसिद्ध झाल्यावर आठवड्याने सरांचे पोस्टकार्ड आले. ते तेव्हा निवृत्त होऊन सदाशिव पेठेत लेकीकडे राहत होते. अक्षर थरथरलेले होते, पण ओळी सरळ होत्या. ‘लेख पोचला. चांगला झाला. एक ओळ राहिली आहे, सवडीने पाहावी. अनेक आशीर्वाद.’

कोणती ओळ, हे मला विचारावे लागले नाही. मी ती विसरलो नव्हतो. सरांना कमीपणा येईल असे वाटून मी ती जाणूनबुजून गाळली होती. सवड काढून भेटायला जाईन, पुढच्या अंकात लिहीन, असे म्हणत दोन पावसाळे गेले आणि सर गेले. ते पोस्टकार्ड आज माझ्यासमोर टेबलावर आहे.

स्मरणिकेच्या संपादकांना माझी एकच विनंती आहे. खालील मजकूर लेखाच्या शीर्षकाच्या टाइपातच छापावा, लहान करू नये. जागा कमी पडली तर वरचा मजकूर कापावा.

दुरुस्ती. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेतील ‘चार बोटांची दुरुस्ती’ या माझ्या लेखात प्रसंग अपुरा सांगितला आहे. मी स्टुलावरून उतरल्यावर सरांनी माझ्या हातातील खडू घेतला आणि माझ्या नावाखाली, तेवढ्याच उंचीच्या अक्षरांत, स्वतः लिहिले : ‘शुक्रवारी मला ताप होता. हा मजकूर मी न वाचता सही करून दिला. चूक माझी आहे.’ त्याखाली त्यांनी आपले पूर्ण नाव लिहिले होते.